यानावरचे कैदी आणि कॅप्टनचा अधिकार: या चुका टाळा

विज्ञानकथेत अंतराळयानाच्या कॅप्टनच्या हाती कैदी लागले, की पुढच्या पानावर दोनांपैकी एक गोष्ट ठरलेली. एकतर तो त्यांना एअरलॉकमधून, म्हणजे अंतराळात उघडणाऱ्या दुहेरी दारातून, बाहेर ढकलतो, नाहीतर मोठ्या मनाने सोडून देतो. दोन्हीकडे घोळ एकच: कैद्याचा निकाल कॅप्टनच लावतो, असं लेखकाने धरून चाललेलं असतं. नव्याने लिहिणाऱ्यांना खटला, पंचनामा, ताबापावती यांचा कंटाळा येतो. पण गोष्ट तिथेच असते.

कॅप्टन म्हणजेच कोर्ट

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक. कॅप्टनच्या हातात असतो तो ताबा. कैद्याला धरणं, बांधून ठेवणं, जिवंत ठेवणं आणि ज्याचा अधिकार आहे त्याच्या हवाली करणं, इतकंच. १९६३ च्या टोकियो करारात विमानाच्या कमांडरला नेमकं हेच दिलंय. दंगा करणाऱ्याला बांधा, उतरवा किंवा पोलिसांकडे सोपवा. शिक्षेचं नावही नाही. अंतराळासाठी १९६७ च्या कराराचं आठवं कलम सांगतं, की ज्या देशाच्या नोंदवहीत यान आहे, त्या देशाचा अधिकार यानावर आणि त्यातल्या माणसांवर चालतो. म्हणून लिहायला बसण्याआधी एक ओळ कागदावर टाका: यान कुणाच्या नोंदवहीत आहे? हे ठरलं नसेल तर पुढचा एकही संवाद लिहू नका.

कॅप्टनने स्वतःच कोर्ट भरवलं तर काय होतं, हे ‘सोमर्स’ या अमेरिकी नौदलाच्या जहाजावर दिसलं. वर्ष १८४२. जहाजावर सुमारे १२० माणसं, त्यातली बरीच शिकाऊ पोरं. कॅप्टन अलेक्झांडर स्लायडेल मॅकेन्झी. १९ वर्षांचा मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, फिलिप स्पेन्सर बंडाचा बेत करतोय, अशी कुजबुज त्याच्या कानावर आली. स्पेन्सरकडे ग्रीक अक्षरांत लिहिलेली नावांची यादी सापडली. २६ नोव्हेंबरला त्याला बेड्या पडल्या, मागोमाग क्रॉमवेल आणि स्मॉल या दोघांनाही. जहाजावर कोठडी नव्हती, त्यामुळे कैदी उघड्या डेकवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. त्यात आणखी चौघांना धरलं आणि कैदी वाढले तशी भीतीही वाढली. मॅकेन्झीने अधिकाऱ्यांना लेखी विचारलं, तुमचं मत काय? त्यांनी बंद खोलीत साक्षी घेतल्या, पण आरोपींना आत बोलावलंच नाही. १ डिसेंबरला तिघांना फाशी दिलं. ५ डिसेंबरला जहाज कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बंदराला लागलं.

चार दिवस! तेवढं अंतर होतं.

स्पेन्सरचे वडील तेव्हा अमेरिकेचे युद्धमंत्री होते, त्यामुळे प्रकरण दडपलं जाणं शक्य नव्हतं. आधी चौकशी झाली, मग मॅकेन्झीवरच कोर्ट मार्शल. सुटला तो, पण वाद आजही मिटलेला नाही. लेखकाने इथून काय उचलायचं? मॅकेन्झी राक्षस नव्हता. जागा कमी, पहारेकरी थकलेले, कुणावर भरवसा ठेवावा कळेना, अशा कोंडीतून तो त्या दोरापर्यंत पोचला. कॅप्टनला खुनशी दाखवणं सोपं असतं. घाबरलेला, नियमांवर बोट ठेवून चुकणारा कॅप्टन लिहायला जड जातो, पण तोच खरा वाटतो.

‘मुख्यालयाशी संपर्क तुटला’

ही पळवाट आता पुरे. मंगळापर्यंत संदेश जायला ३ ते २२ मिनिटं लागतात. विचारून उत्तर यायला फार तर पाऊण तास. तेवढा वेळ कैदी कोठडीत बसू शकतो. यान प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यापाशी असेल तर गोष्ट वेगळी: ४.२ वर्षं जायला, तितकीच यायला. अशा मोहिमेवर निघण्याआधीच कॅप्टनला लेखी अधिकारपत्र मिळालेलं दाखवा, आणि त्यात काय नाही तेही दाखवा. शिडांच्या काळात ब्रिटिश नौदलात कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागत. एकटं जहाज भर समुद्रात असलं की कोर्ट बसायचंच नाही, आरोपी बांधलेलाच घरी यायचा.

कैदी फुकट राहतात असं समजणं

हिशेब करा. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. ३५ कैदी ४० दिवस ठेवायचे तर ऑक्सिजनच जवळजवळ १,१७६ किलो. हवा लिथियम हायड्रॉक्साइडने शुद्ध करत असाल, तर १ किलो कार्बन डायऑक्साइड शोषायला कागदावर किमान १.०९ किलो पावडर, म्हणजे रोज ३८ किलोच्या वर. पहारा वेगळाच. एका दारावर दोन माणसं, आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे सहा जण. आजारपण आणि सुट्टी धरली तर आठ. २० जणांच्या यानावर आठ माणसं दारापाशी अडकली, तर इंजिन कोण बघणार? कॅप्टनवरचा खरा दाब हा आहे. कैद्यांना लवकरात लवकर उतरवावं असं त्याला का वाटतं, ते भाषणाशिवाय कळतं.

माझी सवय अशी: संवाद लिहिण्याआधी माणसं, हवा, पाणी, पहारा असे चार रकाने आखायचे. ते भरले की अर्धं कथानक आपोआप जमतं. ज्यांना हे रटाळ वाटतं त्यांनी एअरलॉकची दृश्यं खुशाल लिहीत बसावं.

कुलूप लावलं, विसरलो

यान फुटतंय, सगळे पळतायत, आणि कोठडीत कोण आहे हे लेखकाच्याच लक्षात नाही. ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर बंड करणाऱ्या खलाशांना पकडायला ब्रिटिश नौदलाने ‘पँडोरा’ जहाज पाठवलं. कॅप्टन एडवर्ड एडवर्ड्सने १७९१ मध्ये ताहितीत १४ जणांना धरलं आणि डेकवर ११ बाय १८ फुटांची लाकडी खोली बांधून आत घातलं. हातापायात बेड्या, यायला-जायला छपरातलं एक झडप. त्यातल्या तिघांचा बंडात हात नव्हता, त्यांना नाइलाजाने जहाजावर राहावं लागलं, असं खुद्द ‘बाउंटी’चा कॅप्टन ब्लाय याने लिहून ठेवलं होतं. एडवर्ड्सने त्यांनाही सोडलं नाही. निर्दोष कोण ते ठरवणं आपलं काम नाही, ही त्याची भूमिका कायद्याने बरोबरच होती. पण ताबा म्हणजे जबाबदारीही, ते तो विसरला.

ऑगस्टअखेर जहाज ग्रेट बॅरिअर रीफवर आदळलं. पंप चालवायला तिघांना बाहेर काढलं, बाकीचे आतच. जहाज कलायला लागलं तेव्हा हॉजेस नावाचा कारागीर बेड्या तोडायला आत उतरला, आणि वरून झडपेची कडी पुन्हा लागली! मोल्टर नावाच्या खलाशाने शेवटच्या क्षणी ती ओढली म्हणून काही जण वर आले. ३१ खलाशी आणि ४ कैदी बुडाले. वाचलेल्या दहा जणांवर १७९२ मध्ये पोर्ट्समथला खटला चालला. चौघे निर्दोष सुटले, सहांना फाशीची शिक्षा झाली, प्रत्यक्षात फासावर गेले तिघे.

म्हणून तुमच्या यानाच्या कोठडीला आणीबाणीत उघडणारं दार हवं, आणि ते उघडायचं काम कोणाचं, त्या माणसाचं नाव ड्यूटी-चार्टवर हवं.

बारीकसारीक, पण खटकणारं

युद्धकैदी, चाचे आणि बंडखोर खलाशी यांना एका मापाने मोजू नका. युद्धकैदी हे त्यांना पकडणाऱ्या माणसाच्या किंवा तुकडीच्या ताब्यात नसतात, पकडणाऱ्या देशाच्या ताब्यात असतात. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं बारावं कलम वाचा. त्यांना कायमचं जहाजावर ठेवता येत नाही, छावणी जमिनीवरच हवी. कोण युद्धकैदी आणि कोण नाही अशी शंका आली, तर ठरवायला न्यायाधिकरण बसतं. तोवर त्याला युद्धकैद्यासारखंच वागवायचं.

कैद्याला जवळच्या ग्रहावर उतरवून देणं म्हणजे दया नाही. हवा-पाणी नसेल तर तो खूनच.

आणि हस्तांतराचं दृश्य गाळू नका. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ आणि मार्कोस कमांडोंनी ४० तासांच्या कारवाईनंतर ‘रुएन’ या अपहृत जहाजावरचे ३५ सोमाली चाचे पकडले, १७ खलाशी सोडवले. भर समुद्रात कुणाचाही निकाल लागला नाही. २३ मार्चला जहाज मुंबईला आलं आणि चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात गेले. २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्यामुळे पुढचं काम कोर्टाचं. तुमच्या कथेतही गोदीवर कुणीतरी यादी घेऊन उभा असू द्या. नाव, वय, अंगावरच्या जखमा, जप्त शस्त्रं, आणि खाली दोन सह्या: देणाऱ्याची, घेणाऱ्याची.