अक्षर खराब आहे की शब्दच पक्का नाही? वही आणायच्या आधी हे बघा

पोराचं अक्षर बिघडलं की आपल्या कोल्हापुरात उपाय ठरलेला, महाद्वार रोडवरनं दुरेघी वही आणायची आणि रोज एक पान शुद्धलेखन मागं लावायचं. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्याआधी थोडा वेळ काढून बघा की अडचण हातात आहे का शब्दात, कारण लई पोरांचा हात चांगला असतो, फक्त शब्द कसा लिहायचा ते नक्की नसतं आणि कागदावर ते घाण अक्षर म्हणून दिसतं.

तपासायला आधी पुस्तकात बघून चार ओळी लिहून घ्या. मग त्याच्या रोजच्या तोंडातले शब्द तुम्ही सांगा, रंकाळा, मिसळ, तालीम, कुस्ती, पंचगंगा असले, आणि शेवटी कमी ऐकलेले, निरीक्षण, परिस्थिती, दृष्टिकोन. त्यावेळी वहीपेक्षा पेन्सिलीकडे बघा, ती कुठं थांबते, कुठं उचलली जाते. टोकू नका, मध्येच स्पेलिंग सांगू नका.

बघून लिहितानाही अक्षर तसंच, पेन्सिल आवळून धरलेली, हात दुखतोय म्हणतंय, तर मामला हाताचा. पकड बघा, टेबलाची उंची बघा, तरी फरक नाही पडला तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे पकड आणि हाताच्या हालचाली सुधारून देणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. पण बघून छान आलं, कुस्ती-मिसळ सरळ आलं आणि निरीक्षणला खाडाखोड झाली तर हाताला दोष देऊ नका.

आपल्या लिपीत एक गंमत आहे जी मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. निरीक्षण म्हणताना आधी न ऐकू येतो मग इ, पण लिहिताना पहिली वेलांटी न च्या अलीकडं आणि दुसरी र च्या पलीकडं, म्हणजे ऱ्हस्व का दीर्घ हे अक्षर काढायच्या आधीच ठरलेलं पाहिजे. नसेल ठरलं तर पोरगं आधी न काढून मोकळं होतं, मग विचार करतं, मग ती वेलांटी उरलेल्या फटीत कोंबतं आणि आपण म्हणतो काय हे गिचमिड! ओळखीचा शब्द सगळाच्या सगळा हातातनं उतरतो, अनोळखी शब्द एकेक अक्षर जुळवत बसावं लागतं आणि लहान पोराला वळण आणि जुळवणी दोन्हीकडं एकदम लक्ष देता येत नाही.

हे आपल्याच पोरांचं आहे असंही नाही. पोर्तुगीज घ्या, त्यात झ चा एकच आवाज घर या अर्थाच्या शब्दात एस ने लिहितात, शून्याच्या शब्दात झेड ने आणि परीक्षेच्या शब्दात एक्स ने. तास या अर्थाच्या शब्दात सुरुवातीला एच लिहायचा पण उच्चारायचाच नाही. तिथल्या पोरालाही असा शब्द नवा असला की कुठलं अक्षर घ्यायचं इथंच अडायला होणार. हस्ताक्षराचा अभ्यास करणारे मुलांना डिजिटल टॅबलेटवर लिहायला लावतात, त्यात पेन कधी थांबला आणि किती वेगानं सरकला सगळं कळतं, नुसतं पान बघून हे कळत नाही.

आता करायचं काय. पान उतरवून काढणं बंद करा, त्यात पोरगं एकेक अक्षर बघून चित्र काढल्यासारखं काढतं. त्याऐवजी शब्द एकदा नीट बघायचा, मोठ्यानं तोडून म्हणायचा, नि-री-क्षण, कुठली वेलांटी ते बोलून घ्यायचं, मग पुस्तक मिटून एका दमात लिहायचा आणि स्वतःच पडताळायचा. दिवसाला चार-पाच शब्द बास.

शब्द त्याच्या घरच्या माणसांसकट, म्हणजे प्रत्यय लागलेल्या रूपासकट द्या, मीठ-मिठात, फूल-फुलात, जीभ-जिभेला, म्हणजे शेवटून दुसरं दीर्घ अक्षर प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतं हे हाताला कळतं. शरीर-शरीरात सारखे संस्कृतातनं जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत, ते वेगळे ठेवा. शुद्धलेखनाचे शासनमान्य नियम १८ आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ ला वाढवलेले ४, पण ते पाठ करून घेऊ नका, त्यानं काही होत नाही.

निबंध असेल तर त्यात लागणारे अवघड शब्द आधीच एका कागदावर लिहून समोर ठेवा. आणि पहिल्या कच्च्या लिखाणात अक्षराला लाल पेन अजिबात लावू नका, तिथं फक्त काय म्हणायचंय ते बघा, वळण आणि वेलांट्या पक्क्या प्रतीत. शाळेतल्या बाईंनाही तपासताना लिहून घेतलेलं ते तिन्ही, बघून लिहिलेल्या ओळी, रोजचे शब्द आणि कमी ऐकलेले शब्द, दाखवा, त्यांना नेमकं कुठं अडतंय ते लगेच कळेल.