कोड गोल्फ स्पर्धा जाहीर करण्याआधी

कोड गोल्फ म्हणजे दिलेलं काम सर्वांत लहान प्रोग्रॅममध्ये करून दाखवायचा खेळ. आधी मोजमाप ठरवा: बाइट की अक्षरं? ‘सर्वांत लहान प्रोग्रॅम’ एवढं लिहून भागत नाही. ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर, युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या चिन्हसूचीच्या हिशेबात चार चिन्हं आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत १२ बाइट. अक्षरं मोजलीत तर पायथनवाले कोडची दोन-दोन अक्षरं एकेका युनिकोड चिन्हात कोंबतात आणि ती उलगडायला २५ अक्षरांचं वेष्टन लावतात. २०० अक्षरांचा प्रोग्रॅम असा १२५ वर येतो. बाइट मोजले तर तोच बहुधा ३०० च्या पुढे जातो. तेव्हा बाइटच मोजा. जेलीसारख्या गोल्फसाठीच बनवलेल्या भाषांची स्वतःची २५६ चिन्हांची सारणी असते, एका चिन्हाला एक बाइट. ती मान्य करायला हरकत नाही, पण अशा भाषांचा गट वेगळा ठेवा. सी किंवा जावा लिहिणाऱ्याला त्यांच्यासमोर उभं करण्यात अर्थ नाही.

कोड चिकटवून घेऊ नका, फाइलच मागवा. विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीमागे एक जादा बाइट असतो, सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारं अदृश्य चिन्ह) असेल तर आणखी तीन, आणि बरेच एडिटर शेवटी न विचारता एक ओळखंड (नवी ओळ सुरू करणारं चिन्ह) टाकतात. शेवटचा ओळखंड मोजणार की नाही, ते लिहून ठेवा. भांडणं एका बाइटवरूनच होतात. पर्लच्या ‘-पी’सारख्या फ्लॅगमागे (प्रोग्रॅम चालवताना आज्ञेत जोडायच्या पर्यायामागे) अख्खा लूप दडलेला असतो, त्यामुळे फ्लॅगचेही बाइट धरा. भाषेची आवृत्ती नक्की करा: पायथन ३.८ मध्ये वॉलरस ऑपरेटर (‘:=’ हे चिन्ह) आला आणि ३.७ वर तोच कोड चालतच नाही.

आता प्रश्न. इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण आकड्यांची मर्यादाच उत्तर ठरवते. समजा, दिलेली संख्या मूळ आहे का, हे सांगायचं आहे. २ चा त्या संख्येइतका घात घेऊन त्याच संख्येने भागायचं आणि बाकी २ उरली की ‘मूळ’ म्हणायचं, ही युक्ती फार थोड्या बाइटांत बसते. ती २ या संख्येवरच चुकते. त्यानंतर थेट ३४१ पर्यंत बरोबर चालते. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, पण युक्ती तिला मूळ ठरवते. पुढे ५६१ आणि ६४५ वरही तेच. मर्यादा ३ ते ३०० ठेवलीत तर हे उत्तर पूर्ण बरोबर आहे, त्याला बाद करता येणार नाही. मर्यादा १ ते १,००० असेल तर १, २, ३४१, ५६१ आणि ६४५ चाचण्यांत हवेतच. जाहीर उदाहरणं चार-पाच पुरेत. निकालाच्या चाचण्या गुप्त आणि शक्य तेवढ्या यादृच्छिक ठेवा, नाहीतर कोणीतरी उत्तरंच कोडमध्ये ठोकून देईल.

वेळेची मर्यादा सेकंदांत द्या. आखूड कोड बहुधा संथ असतो, म्हणून ती सैल ठेवा: चाचणीमागे १० सेकंद चालतील. आउटपुटमध्ये शेवटची मोकळी जागा चालेल का, ‘१’ आणि ‘खरं’ दोन्ही मान्य आहेत का, काम झाल्यावर प्रोग्रॅम एरर देऊन बंद पडला तर काय? आमच्या मते एररचा मजकूर दुर्लक्षित करावा. लूपमधून बाहेर पडायला मुद्दाम एरर ओढवून घेणं हा या खेळाचाच भाग आहे.

चालवायचं यंत्र इंटरनेटपासून तोडलेलं असावं, नाहीतर खरा कोड बाहेरून उतरवून घेतला जातो. फाइलचं नाव तुम्हीच द्या. नावातही माहिती लपवता येते. स्वतःचाच कोड छापणारा प्रोग्रॅम मागणार असाल तर रिकामी फाइल चालणार नाही, हे स्पष्ट लिहा. आयओसीसीसी या मुद्दाम दुर्बोध सी प्रोग्रॅम लिहिण्याच्या स्पर्धेत १९९४ मध्ये शून्य बाइटची अशी प्रवेशिका आली आणि तिला नियमांच्या सर्वांत वाईट गैरवापराचं बक्षीस मिळालं.

बाइट सारखे झाले तर ज्याने ती लांबी आधी गाठली तो पुढे. त्यासाठी सर्व्हरची वेळ धरा, स्पर्धकाच्या यंत्रावरची नव्हे.