साबण जंतू मारत नाही, सोडवतो: हात धुण्याची रीत

साध्या साबणाने हातावरचे बहुतेक जीवाणू मरत नाहीत. ते कातडीवरून सुटतात आणि पाण्याबरोबर मोरीत जातात. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्यामुळे ज्या तेलकट थरात जीवाणू चिकटलेले असतात तो थर उखडतो. करोना-फ्लूच्या विषाणूंचं स्निग्ध आवरण मात्र साबण खरोखर फाडतो. तरी खरं काम चोळण्याचं आणि खळखळून धुण्याचं.

अंगठ्या काढा. हात आधी ओले करा, नळ बंद करा, मग साबण लावा. गार पाणी चालतं. कोमट पाण्याने जंतू जास्त निघत नाहीत. फेस आल्यावर निदान 20 सेकंद चोळा. तळवे सगळेच घासतात. राहतात ते अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा, बोटांची टोकं तळव्यावर गोल घासा. नंतर हात वाहत्या पाण्याखाली धरा. भांड्यात बुडवले तर सुटलेले जंतू त्याच पाण्यात राहतात. नळ नसेल तर कुणाला तरी तांब्याने वरून पाणी घालायला सांगा. शेवटी स्वच्छ फडक्याने कोरडे करा, कारण ओल्या हातांवरून जंतू सहज पसरतात.

फेसच येत नसेल तर बहुधा बोअरचं जड पाणी कारणीभूत असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका तयार होतो. साबण जास्त घ्या, किंवा लिक्विड हँडवॉश वापरा. त्यातले डिटर्जंट जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतात. पण बाटली संपत आली की तिच्यात पाणी घालायची आपली सवय सोडा! पातळ झालेल्या द्रावणात परिरक्षक (ते खराब होऊ नये म्हणून घातलेली रसायनं) कमी पडतात आणि जीवाणू त्यातच वाढू शकतात. रिकामी बाटली धुऊन, वाळवून मगच भरा. वडीचा साबण जाळीच्या साबणदाणीत ठेवला की पुरे.

‘अँटीबॅक्टेरियल’ शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. ट्रायक्लोसानसह 19 जंतुनाशक घटक साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे कंपन्या दाखवू शकल्या नाहीत, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) 2016 मध्ये घरगुती हँडवॉशमधून ते काढायला लावले.

सॅनिटायझर हा प्रवासातला पर्याय. मळकट, तेलकट हातांवर तो नीट चालत नाही. रुग्णालयात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जीवाणूची लागण झालेल्या रुग्णाजवळ असाल तर सॅनिटायझरवर मुळीच विसंबू नका. या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलला दाद देत नाहीत. साबणानेही मरत नाहीत, पण चोळून धुतले तर निघून जातात.