इमॅजिकाला परत जाताय? चिठ्ठ्या टाका

खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला दोन-चारदा जाऊन झालं की पोरं "तेच तर आहे" म्हणत तोंड वाकडं करतात, त्यावर हा बिनखर्चाचा उपाय.

१. आदल्या रात्री पार्कचा मॅप फोनवर उघडून प्रत्येकाने आजवर न केलेली एक राइड किंवा शो चिठ्ठीवर लिहायचा, आजी-आजोबांनी पण.

२. एक्सप्रेसवेवर फूडमॉलला वडापाव खाता खाता चिठ्ठ्या काढायच्या, ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने सगळ्यांनी मिळून करायचं, कुरकुर चालणार नाही. आमच्याकडे नायट्रो रोलरकोस्टरशिवाय कशाकडे न बघणारा दादा आजीच्या चिठ्ठीमुळे आय फॉर इंडिया या शोमध्ये जाऊन बसला, खाली पाय लटकतायत आणि समोर पडद्यावर अख्खा देश वरून दिसतोय, बाहेर आल्यावर हाच म्हणे परत जाऊया!

३. नेहमीच्या आवडत्या राइड्स दुपारनंतर. राजासॉरस ही पाण्यातली राइड तर शेवटीच ठेवा, भिजायला होतं, मग ओल्या कपड्यात दिवसभर चिडचिड.

फक्त चिठ्ठी लिहितानाच वेबसाइटवर उंचीची अट आणि कुठली राइड बंद आहे ते बघून घ्या, नाहीतर लहानग्याची नेमकी तीच निघते आणि गेटवर रडारड.