शटडाऊनमध्ये बिनपगारी ड्युटी लागली तर घर कसं चालवायचं

अमेरिकेत ज्यांच्या घरात कुणी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची नोकरी करतंय त्यांच्यासाठी लिहितेय. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, खर्चाचं बिल अडकलं की शटडाऊन लागतो, म्हणजे सरकारी कामकाज बंद पडतं, आणि विमानतळावर सुरक्षा तपासणी करणारे टीएसएवाले, एअर ट्रॅफिक कंट्रोलर अशा लोकांना तरीही ड्युटीवर जावंच लागतं, पगार मात्र थांबतो. २०१८-१९ चा शटडाऊन ३५ दिवस चालला होता आणि २०२५ चा तर ४३ दिवस, म्हणजे दोन आठवड्यांनी येणारा पगार एकदा नाही, दोनदा तीनदा चुकू शकतो हे धरूनच चाला.

सगळ्यात आधी आपण नक्की कशात मोडतो ते ऑफिसकडून लेखी घ्या. 'एक्सेप्टेड' (excepted) असाल तर काम आत्ता आणि पैसे नंतर. 'एक्झेम्प्ट' (exempt) म्हणजे ज्यांचा पगार त्या अडकलेल्या बजेटमधून येतच नाही, जसं पोस्टखातं, त्यांचा पगार चालू राहतो. हे दोन शब्द इतके सारखे आहेत की भलेभले गोंधळतात. एक्सेप्टेड लोकांना शटडाऊन संपल्यावर पूर्ण पगार द्यायचा असा जानेवारी २०१९ चा कायदाच आहे, त्यामुळे पैसे बुडत नाहीत, फक्त तारीख कुणालाच माहीत नसते. कॉन्ट्रॅक्टरना मात्र हा कायदा लागू नाही, त्यांनी हात जास्तच आखडता घ्यावा.

आता खरं काम, फोन करायचं. आमच्याकडे ११ जानेवारी २०१९ ला पेस्टब, म्हणजे पगाराची पावती, उघडली तर नेट पेसमोर (हातात येणाऱ्या पगारासमोर) शून्य, आणि मी मॉर्गेजवाल्यांना, म्हणजे घराचं कर्ज देणाऱ्यांना, फोन केला तो हप्त्याची तारीख उलटून गेल्यावर, तोवर लेट फी लागली होती. तुम्ही तारखेच्या आधी करा. नुसतं "थोडी सवलत द्या" म्हणू नका, तीन गोष्टी स्पष्ट विचारा: लेट फी माफ होणार का, क्रेडिट ब्युरोला (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला) कळवणार का, आणि पुढे ढकललेले हप्ते नंतर एकदम भरायचे की लोनच्या शेवटी जोडणार. तिसरा प्रश्न विसरूच नका, कारण तीन महिन्यांचे हप्ते एकदम मागितले तर बॅक पे, म्हणजे नंतर मिळणारा थकलेला पगार, हातात आल्या आल्या संपतो. जे बोलणं झालं ते ईमेलवर मागून घ्या, सोबत ऑफिसचं पत्र जोडा. घरमालकाला पण हेच पत्र दाखवा.

पैसे कमी पडले तर आधी आपल्या क्रेडिट युनियनला, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेला, विचारा, पगार तिथे डायरेक्ट डिपॉझिट होत असेल तर बऱ्याच जणी शटडाऊनमध्ये बिनव्याजी लोन देतात. पेडे लोनच्या (पुढच्या पगारावर मिळणाऱ्या चढ्या व्याजाच्या कर्जाच्या) वाटेला कृपा करून जाऊ नका, बॅक पे कधी येणार ते माहीत नसताना ते व्याज फार महागात पडतं. बेरोजगार भत्ता घरी बसवलेल्यांना, म्हणजे फर्लोवाल्यांना मिळू शकतो (बॅक पे आला की परत करावा लागतो), पण फुल टाइम ड्युटी करणाऱ्यांना बहुतेक राज्यांत नाही मिळत.

हेल्थ इन्शुरन्स बंद पडत नाही, प्रीमियम नंतरच्या पगारातून कापतात, तेव्हा औषधं, डॉक्टर अजिबात पुढे ढकलू नका. उलट पगारातून परस्पर जाणारे पैसे, कुणाचं सेव्हिंग, कुणाची चाइल्ड सपोर्ट (मुलांची पोटगी), ते पगारच शून्य असल्यावर जात नाहीत, ते स्वतः बघायला लागतं.

आणि रोजचे तास वहीत लिहा, आत किती वाजता गेलात, बाहेर कधी पडलात, ओव्हरटाइम, रात्रपाळी सगळं. बॅक पे घाईत काढलेला असतो, त्यात ओव्हरटाइम किंवा नाइट डिफरन्शियल (रात्रपाळीचे जादा पैसे) सुटू शकतं, मग वही आणि पेस्टब शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा आणि फरक दिसला की त्याच दिवशी पेरोलला ईमेल टाका.