ऑफिसची टीम घेऊन तंबूत राहायला निघालात? या चुका टाळा

आमची पहिली टीम ट्रिप डिसेंबरात पवना धरणाच्या काठी झाली. आम्ही ४२ जण होतो. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी एक सहकारी माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, काल संध्याकाळी सहानंतर मी पाणीच प्यायले नाही." टॉयलेट चार, तीही तंबूंपासून दीडशे पावलांवर, आणि वाटेत एकही दिवा नाही. रात्री उठायला लागू नये म्हणून ती आणि आणखी दोघी तहानलेल्याच झोपल्या होत्या. ट्रिपचे फोटो मात्र फार सुंदर आले होते. शेकोटी, मागे तुंगचा डोंगर, सगळे हसताहेत. त्या फोटोत त्या तिघीही आहेत.

त्यानंतर गेली काही वर्षं पुण्यात बाणेरमधल्या आमच्या ऑफिसच्या ट्रिप मीच ठरवते आहे, आणि एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आपण नियोजन करतो ते दुपारी चार ते रात्री दहापर्यंतचं: खेळ, बार्बेक्यू, गाणी. माणसं तिथे खरी राहतात ती रात्री दहा ते सकाळी सातपर्यंत. त्या नऊ तासांचं नियोजन कुणीच करत नाही, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

चूक: दिवसा जाऊन जागा पाहणं, किंवा फक्त फोटोवर ठरवणं

जागा पाहायला शनिवारी सकाळी अकराला जाऊ नका. अंधार पडल्यावर जा आणि जमलं तर एक रात्र तिथे राहा. टॉयलेटची वाट, दिवे, नळाला पाणी किती वेळ येतं, जनरेटर कधी बंद करतात, हे रात्रीच कळतं. जाणं शक्यच नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर रात्रीचा व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि तंबूपासून टॉयलेटपर्यंत चालत दाखवायला सांगा. जे टाळाटाळ करतात त्यांच्याकडे मी बुकिंग करत नाही.

'ग्लॅम्पिंग' या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. स्विस टेंट म्हणजे उभं राहता येईल असा मोठा तंबू, आत पलंग, दिवा आणि जोडून बाथरूम. डोम टेंट म्हणजे जमिनीवर गादी टाकलेला, दोन-तीन जणांचा, वाकून आत शिरायचा तंबू, टॉयलेट सामायिक. जाहिरातीत फोटो पहिल्याचा असतो आणि दर दुसऱ्याचा. म्हणून कोटेशनमध्ये तंबूचा प्रकार, एका तंबूत किती माणसं, पलंग की गादी, आणि एकूण टॉयलेट किती हे लिहूनच घ्या. सामायिक टॉयलेट असतील तर सहा ते आठ माणसांमागे एक, बायकांची वेगळी आणि किमान दोन कमोडची, असा माझा हिशेब आहे. टॉयलेटमध्ये कडी, कचऱ्याची झाकणाची बादली आणि रात्रभर जळणारा दिवा, या तीन गोष्टी मी फोनवर तीनदा विचारते. मला त्याची लाज वाटत नाही.

एजंटमार्फत बुकिंग करताना आणखी एक गोष्ट सांभाळा. एकच कॅम्पसाइट तीन-चार नावांनी विकली जाते आणि नकाशावर दिसणारा फोन नंबर मालकाचा असेलच असं नाही. आगाऊ पैसे पाठवण्याआधी जागेच्या मालकाशी बोला आणि जीएसटीचं बिल मिळेल ना ते विचारून घ्या. पवनासारख्या सरकारी धरणासाठी संपादित झालेली काठची जमीन जलसंपदा विभागाची असते, त्यामुळे अगदी पाण्याला टेकलेले तंबू दाखवले तर ते कुणाच्या जागेत आहेत हे नक्की विचारा. ऐन वेळी कारवाई झाली तर ४२ माणसं रस्त्यावर येतील.

चूक: थंडीला कमी लेखणं

पुण्यातलं तापमान बघून लोक एक स्वेटर घेऊन येतात. एरवी शहरातसुद्धा पाषाणला शिवाजीनगरपेक्षा पारा खाली असतो. मग डोंगरांच्या कुशीत पाण्याकाठी तर रात्री थंड हवा उतरून साठून राहते. आणि तंबूत थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. दोन ब्लँकेटं अंगावर घेऊनही माणूस कुडकुडत असेल तर तिसरं ब्लँकेट देऊ नका, त्याच्या गादीखाली काहीतरी घाला. गोधडी, चटई, नाहीतर पुठ्ठ्याचे खोकेसुद्धा चालतात. पहाटे चार वाजता कुणी गारठून उठवलं तर हा उपाय सगळ्यात लवकर लागू पडतो.

पहाटे तंबू आतून ओला झाला म्हणजे तो गळतोय असं नाही. झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून तिचं पाणी होतं. लोक थंडीमुळे सगळ्या खिडक्या घट्ट बंद करतात, मग हे आणखी वाढतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या वरून थोड्या उघड्या ठेवा, आणि बॅगा व अंथरूण कापडाला चिकटू देऊ नका.

आणि हे मी हात जोडून सांगते: शेकोटीतले निखारे शेगडीत घालून तंबूत कधीही नेऊ नका. कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस उठतच नाही. "विझत आलेत, थोडा वेळच ठेवू" म्हणणारा एक तरी सहकारी प्रत्येक टीममध्ये असतो. त्याला आदल्या दिवशीच सांगा.

चूक: "पाण्यात फक्त पाय बुडवतो"

पवना, पानशेत, मुळशी ही धरणं म्हणजे बुडालेली खोरी आहेत. काठ सरळ उतरत जात नाही. पाण्याखाली जुने बांध, विहिरी, गावांचे अवशेष आहेत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पवना धरणातलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं, त्यावरून खाली काय काय असेल याचा अंदाज करा. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल डोक्याइतक्या खोलीत पडू शकतं, आणि गाळात पाय रुतला की पोहणाराही अडकतो. दारू प्यायल्यावर तर प्रश्नच नाही. आमच्याकडे नियम एकच आहे: पाण्यात कुणीही उतरायचं नाही, बोटीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालून आणि दिवसाउजेडी. हा नियम मॅनेजरने स्वतः, सगळ्यांसमोर सांगावा. अ‍ॅडमिनने सांगितला तर लोक हसतात, मॅनेजरने सांगितला की ऐकतात.

पावसाळ्यात तर या सहली करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तर १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळला. जिल्हाधिकारी पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढतात, रस्ते निसरडे असतात आणि तंबूत चिखल होतो. हिरवळ पाहायची तर दिवसभर जाऊन या आणि मुक्काम पक्क्या छताखाली करा. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा तंबूंचा खरा मोसम. अवकाळी पाऊस मात्र तेव्हाही येतो, म्हणून सगळे एकत्र बसू शकतील असं एक पत्र्याचं किंवा सिमेंटचं छप्पर जागेवर असलंच पाहिजे. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, वारा सुटतो, आणि शेकोटीची एक ठिणगी डोंगर पेटवायला पुरते.

चूक: तब्येतीचे प्रश्न न विचारणं

आम्ही जाण्याआधी एक छोटा फॉर्म पाठवतो, आणि तो फक्त मी आणि एक सहकारी पाहतो. दमा आहे का, म्हणजे शेकोटीच्या धुरापासून त्यांचा तंबू लांब ठेवता येतो. फिट येतात का, गरोदर आहात का, गुडघे-पाठ दुखते का. रात्री श्वासाचं मशीन लागतं का, हा प्रश्न आम्ही एकदा चुकून वगळला होता. त्या रात्री दोनला जनरेटर बंद झाला आणि आमचे एक ज्येष्ठ सहकारी पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. त्यांनी कुणाला उठवलं नाही, हे मला अजून लागतं. आता रात्रभर वीज राहील हे मी लेखी घेते.

खाण्याचंही याच फॉर्ममध्ये विचारा आणि तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. एकादशी, संकष्टी, मार्गशीर्षातला गुरुवार, रमजान. ज्याचा उपास आहे त्याला बार्बेक्यूच्या धुरात साबुदाण्याची वाटी शोधत फिरायला लावू नये. शाकाहारी आणि जैन जेवणाची भांडी आणि जाळी वेगळी हवी, नुसते पदार्थ वेगळे असून भागत नाही.

साप-विंचवाबद्दल घाबरवायचं नाही, पण माहिती द्यायची. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि बऱ्याचदा दुखतही नाही. म्हणून गादीपेक्षा पलंग बरा, तंबूची चेन सतत बंद, बूट झटकून घालायचे, आणि प्रत्येकाकडे बॅटरी. काही चावलं तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही करायचं नाही. माणसाला शांत ठेवून १०८ ला फोन करायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला आणि असंख्य जीव वाचले, तेव्हा मंत्र-तंत्रात एक मिनिटही घालवू नका. मात्र जवळच्या कोणत्या दवाखान्यात सापाची लस आज शिल्लक आहे, हे निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि पत्ता ग्रुपवर टाका. तिथे रेंज जाते, म्हणून कागदावरही लिहून ठेवा.

चूक: 'हे काही ऑफिस नाही' असं समजणं

कायद्याने ते ऑफिसच आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात, नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातात ती जागा आणि कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कामाच्या ठिकाणात येते. अशा तक्रारी ऐकणाऱ्या ऑफिसच्या अंतर्गत समितीतली एक व्यक्ती बरोबर असू द्या आणि तिचा तंबू कुठला हे सगळ्यांना सांगा. तंबूत कोण कुणाबरोबर हे आधी विचारून ठरवा. मॅनेजर आणि त्याच्या हाताखालच्या माणसाला एका तंबूत घालू नका. दारू हा ट्रिपचा केंद्रबिंदू करू नका. न पिणाऱ्यांची संध्याकाळही तितकीच छान जायला हवी. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद झालाच पाहिजे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी सकाळी सहापर्यंत त्याला मनाई आहे. शेजारच्या वाडीतल्या माणसांना पहाटे दूध काढायचं असतं.

ज्यांना यायचं नाही त्यांना कारण विचारू नका. लहान मूल, आजारी सासरे, किंवा नुसतंच तंबू नको वाटणं, यातलं कुठलंही कारण पुरेसं आहे. शनिवार-रविवार घरच्यांचा असतो, म्हणून आम्ही आता गुरुवार-शुक्रवार निवडतो. शिवाय रस्ते मोकळे मिळतात.

मीटिंगबद्दल थोडक्यात: प्रोजेक्टर नेऊ नका. उजेडात काही दिसत नाही आणि वाऱ्याने चार्ट उडतात. आंब्याखाली सतरंजी टाकून तासभर बोला, एवढं पुरतं.

चूक: प्रवास शेवटी ठरवणं

खराडीतले लोक आणि हिंजवडीतले लोक शहराच्या दोन टोकांना राहतात. त्यांना एका ठिकाणी गोळा करण्यात सकाळ जाते. दोन गाड्या वेगवेगळ्या निघू द्या. मोठ्या बसला शेवटचे दोन किलोमीटर वळता येतं का, हे कॅम्पवाल्याला नाही, बसवाल्याला विचारा. आमची बस त्या पहिल्या वेळी एका वळणावर अडकली आणि बॅगा घेऊन आम्ही अंधारात चालत गेलो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून तीनपर्यंत पोहोचायचं गणित ठेवा. म्हणजे तंबू, टॉयलेट, वाटा सगळ्यांना उजेडात दिसतात.

आणि चालकांकडे दुर्लक्ष करू नका. दुसऱ्या दिवशी घाटातून तुमची माणसं तेच घेऊन येणार असतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते रात्री गाडीतच, डासांमध्ये झोपतात. बुकिंग करतानाच त्यांच्यासाठी शेकोटीपासून आणि आवाजापासून लांब एक खोली आणि टॉयलेट मागा. रात्री त्यांना कुणी उठवून गाणी लावायला सांगणार नाही, हे टीमला सांगा. आमच्या दोन गाड्यांना दोन चालक असतात, म्हणून जेवणाची पानं आता मी ४४ सांगते.