सोर्समधून फ्रीबीएसडीचे अपग्रेड फसले? या चुका टाळा

सोर्स कोडमधून केलेले फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमचे अपग्रेड मध्येच अडले की बहुतेक जण आधी तीच कमांड पुन्हा चालवून पाहतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर स्क्रीनवरची शेवटची ओळ इंटरनेटवर शोधू लागतात. दोन्हींचा उपयोग क्वचितच होतो. काम कोणत्या टप्प्यावर थांबले, हे आधी निश्चित करावे, कारण बिघाड किती गंभीर आहे आणि पुढचे पाऊल काय टाकायचे, हे त्या टप्प्यावरूनच ठरते.

क्रम सर्वांना ठाऊक असतो, पण तो तसाच का आहे याचा विचार फारसा होत नाही. ‘मेक बिल्डवर्ल्ड’ (वर्ल्ड म्हणजे कर्नेल सोडून प्रणालीचे मूळ प्रोग्राम व लायब्ररी) आणि ‘मेक बिल्डकर्नेल’ (कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा) या दोन कमांड जे काही तयार करतात ते यूएसआरमधील ओबीजे डिरेक्टरीत जाते. चालू प्रणालीला त्या हात लावत नाहीत. त्यामुळे या टप्प्यावर कितीही लाल अक्षरे दिसली तरी यंत्र पूर्वीसारखेच चालू असते. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्याचा फाइल सर्व्हर असो किंवा निपाणीच्या एखाद्या पतसंस्थेचा राउटर, बिल्ड फसले म्हणून कामकाज थांबवण्याचे कारण नाही. ‘मेक इन्स्टॉलकर्नेल’ पासून प्रणाली बदलू लागते, आणि ‘मेक इन्स्टॉलवर्ल्ड’ सुरू झाल्यावर मात्र मागे फिरणे अवघड होते.

बिल्डच अडते तेव्हा

सर्वांत सामान्य चूक वाचण्याची आहे. ‘मायनस जे’ देऊन अनेक कामे समांतर चालवली असतील तर एक काम फसल्यावरही बाकीची थोडा वेळ चालू राहतात, आणि खरी चूक शेकडो ओळी वर निघून जाते. शेवटी दिसणारा ‘एरर कोड 1’ हा केवळ परिणाम असतो. म्हणून बिल्ड नेहमी ‘स्क्रिप्ट’ कमांडखाली चालवून सगळे आउटपुट फाइलमध्ये साठवावे आणि त्या फाइलमध्ये ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते शोधावे. दूरच्या यंत्रावर काम करत असल्यास ‘टीमक्स’ वापरावे, म्हणजे मध्येच इंटरनेट गेले तरी बिल्ड चालू राहते.

पहिली खरी चूक सापडली की तिचा प्रकार ओळखावा. कंपायलर (सोर्सचे प्रोग्राम बनवणारे साधन) ‘सिग्नल 9’ ने मारला गेला असेल तर बहुधा मेमरी संपलेली असते. बिल्डवर्ल्डमधील सर्वांत जड भाग क्लँग आणि एलएलव्हीएम या कंपायलरच्या संचाचा असतो, आणि चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर कुठूनतरी पाहिलेले ‘मायनस जे 8’ जसेच्या तसे चालवले तर यंत्र तिथेच गुदमरते. व्हारमधील लॉग डिरेक्टरीत मेसेजेस या फाइलमध्ये प्रक्रिया मारल्याची नोंद दिसते. समांतर कामांची संख्या एक-दोनवर आणावी आणि स्वॅप (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) वाढवावा. वेळ जास्त लागेल, पण बिल्ड पूर्ण होईल.

‘सिग्नल 11’ ची (मेमरीच्या चुकीच्या वापराच्या संकेताची) गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक वेळी त्याच फाइलवर बिल्ड अडत असेल तर दोष सोर्समध्ये किंवा सेटिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक. दर वेळी निराळ्याच फाइलवर अडत असेल तर संशय यंत्रावर घ्यावा. बेळगावची हवा थंड असली तरी फाउंड्रीच्या आसपासच्या ऑफिसांत मोल्डिंगच्या वाळूची बारीक धूळ प्रोसेसरच्या पंख्यात आणि हीटसिंकमध्ये घट्ट बसते. एरवी पत्ता लागत नाही, पण काही तास सर्व कोअर पूर्ण क्षमतेने चालले की ती नडते. पंखा साफ करून, रॅमची तपासणी करून मगच सोर्सला दोष द्यावा.

लाईट जाणे हा आपल्याकडचा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यातील वळीव आणि त्यानंतर खानापूरकडचा पावसाळा यांच्या काळात दीर्घ बिल्ड यूपीएसविना सुरू करणे धाडसाचे ठरते. बिल्डदरम्यान वीज गेली तर प्रणाली शाबूत राहते, पण ओबीजे डिरेक्टरीत अर्धवट लिहिलेल्या किंवा शून्य आकाराच्या फाइल राहू शकतात. ‘मेक’ त्यांच्या तारखा पाहून त्या तयार झाल्या असे समजते, आणि मग लिंकर (तयार तुकडे जोडणारे साधन) ‘फाइल फॉरमॅट ओळखता येत नाही’ असे सांगून थांबतो. अशा वेळी वेळ वाचवण्यासाठी ‘नो क्लीन’ (जुने न पुसण्याचा पर्याय) देऊन पुढे रेटणे ही खोटी बचत आहे. ओबीजेमधील सर्व काही पुसून नव्याने बिल्ड करावे. जुन्या आवृत्तीचे अवशेष तिथे पडून असतील तरीही हाच उपाय. डिस्कवरील जागाही तेव्हाच पाहून घ्यावी. सोर्स आणि ओबीजे यांच्यासाठी किमान 20 जीबी मोकळी असलेली बरी.

सोर्स कोणता आणि कुठला, हेही तपासावे. फ्रीबीएसडीचा सोर्स 2020 च्या डिसेंबरात सबव्हर्जनवरून गिटवर (दोन्ही सोर्सच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणाली) गेला. तरीही जुन्या यंत्रांवरील एसआरसी डिरेक्टरीत सबव्हर्जनची प्रत पडून असते आणि ती ताजी आहे असे समजून बिल्ड केले जाते. काही जण ब्रँच न सांगताच क्लोन करतात, त्यामुळे त्यांच्या हाती ‘मेन’ ही विकासकांची ब्रँच येते, जिच्यात डीबगिंगच्या तपासण्या सुरू असल्याने यंत्र विनाकारण संथ होते. ऑफिसच्या यंत्रासाठी ‘रेलइंजी’ (प्रकाशित आवृत्तीची) किंवा फार तर ‘स्टेबल’ ब्रँच पुरे. खरे तर कर्नेलमध्ये स्वतःचे काही बदल नसतील तर अशा यंत्रावर सोर्समधून बिल्ड करण्याचा अट्टाहास कशासाठी, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. तयार बायनरी अपग्रेड तेच काम कमी वेळात करते. बिल्डवर्ल्ड आणि बिल्डकर्नेल यांच्या मध्ये ‘गिट पुल’ (नवा सोर्स ओढून घेणे) मात्र कधीही करू नये, कारण मग दोन्ही भाग वेगवेगळ्या सोर्सचे होतात.

एसआरसीमधील ‘अपडेटिंग’ ही फाइल न वाचणे ही या सगळ्याच्या मुळाशी असलेली चूक आहे. तिच्यात नव्या नोंदी वर आणि जुन्या खाली अशा तारखेच्या क्रमाने असतात. आपल्या सध्याच्या आवृत्तीच्या तारखेपर्यंतच्या सर्व नोंदी वाचायला अर्धा तास पुरतो. स्वतःचा कर्नेल वापरणाऱ्यांनी जेनेरिकची (मूळ कर्नेलच्या कॉन्फिग फाइलची) पूर्ण नक्कल करून ठेवू नये, कारण पुढच्या आवृत्तीत काही पर्याय रद्द होतात आणि मग ‘अननोन ऑप्शन’ म्हणून कॉन्फिग थांबते. आपल्या फाइलमध्ये ‘इन्क्लूड जेनेरिक’ लिहून त्याखाली फक्त आपले फरक द्यावेत.

नवा कर्नेल बूट होत नाही

येथे घाबरून केलेली एक चूक सर्वांत महागात पडते. ‘इन्स्टॉलकर्नेल’ जुना कर्नेल ‘कर्नेल डॉट ओल्ड’ या नावाने बाजूला ठेवतो. नवा कर्नेल चालला नाही तर लोडरच्या (कर्नेल सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूमधून हा जुना कर्नेल निवडून यंत्र सुरू करता येते. पण काहीतरी दुरुस्त करून पुन्हा ‘इन्स्टॉलकर्नेल’ केले की पहिला बिघडलेला कर्नेलच ‘ओल्ड’ होऊ शकतो आणि चालणारा कर्नेल कायमचा जाऊ शकतो. म्हणून पहिल्या इन्स्टॉलच्या आधीच चालू कर्नेलची डिरेक्टरी ‘कर्नेल डॉट गुड’ अशा नावाने कॉपी करून ठेवावी, आणि दुसऱ्या खेपेला ‘मेक रीइन्स्टॉलकर्नेल’ वापरावे; ती कमांड ‘ओल्ड’ ला हात लावत नाही. झेडएफएस ही फाइलसिस्टम असेल तर ‘बीई-सीटीएल’ ने बूट एन्व्हायर्नमेंट (प्रणालीची बूट करता येणारी प्रत) आधीच तयार करून ठेवणे याहून चांगले, कारण मग कर्नेलच नव्हे तर वर्ल्डही लोडरच्या मेनूतून मागे नेता येते.

बूट होताना कर्नेल पॅनिक (कर्नेल कोसळणे) येत असेल तर पोर्ट्समधून (बाहेरच्या प्रोग्रामच्या संग्रहातून) आलेली मॉड्यूल आधी तपासावीत. ग्राफिक्सचे डीआरएम मॉड्यूल किंवा व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल जुन्या कर्नेलसाठी कंपाइल झालेले असते. ते ‘लोडर डॉट कॉन्फ’ मधून लोड होत असेल तर यंत्र सुरू होण्याआधीच कोसळते. ‘आरसी डॉट कॉन्फ’ मधील ‘केएलडी लिस्ट’ मध्ये त्याचे नाव असेल तर निदान सिंगल यूजर मोडपर्यंत (दुरुस्तीसाठीच्या किमान अवस्थेपर्यंत) पोहोचता येते. ही मॉड्यूल नव्या कर्नेलबरोबर पुन्हा बिल्ड करावी लागतात.

इन्स्टॉलवर्ल्ड अर्ध्यावर थांबते

नवा कर्नेल जुने प्रोग्राम सहसा चालवतो, पण जुना कर्नेल नवे प्रोग्राम चालवील याची हमी नसते. म्हणून आधी कर्नेल, मग रीबूट, मग वर्ल्ड. रीबूटचा टप्पा गाळला की ‘बॅड सिस्टम कॉल’ असा संदेश येऊन साध्या कमांडही मरू लागतात. कोणता कर्नेल इन्स्टॉल आहे, कोणता चालू आहे आणि वर्ल्ड कोणती आहे, हे ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन’ ला ‘मायनस के आर यू’ दिल्यावर तीन ओळींत कळते. पहिल्या दोन ओळी जुळत नसतील तर पुढे जाऊ नये.

सिंगल यूजर मोडमध्ये रूट फाइलसिस्टम लिहिण्यायोग्य करणे आणि इतर फाइलसिस्टम माउंट करणे बहुतेकांच्या लक्षात राहते. ‘ॲडजकर्नटीझेड मायनस आय’ विसरले जाते. ज्या यंत्राचे सीमॉस (मदरबोर्डवरील) घड्याळ भारतीय वेळेवर लावलेले आहे, तिथे ही कमांड न दिल्यास प्रणाली ती वेळ यूटीसी समजते आणि नव्या फाइलींवर साडेपाच तास पुढची वेळ पडते. सीमॉसची बॅटरी संपून तारीख मागे गेली असेल तर प्रकार अधिक वाईट होतो: सोर्स आणि ओबीजेमधील फाइली भविष्यातील वाटू लागतात, ‘मेक’ ला काही भाग पुन्हा तयार करावेसे वाटतात, आणि इन्स्टॉलच्या मध्यावर ‘सीसी सापडत नाही’ किंवा ‘टच सापडत नाही’ असा चमत्कारिक संदेश येतो. कंपायलर हरवलेला नसतो. घड्याळ चुकलेले असते.

‘परमिशन डिनाइड’ आल्यास टेम्प फाइलसिस्टम ‘नोएक्झेक’ ने माउंट झाली आहे का ते पाहावे, कारण इन्स्टॉलवर्ल्ड आपली साधने तिथे कॉपी करून तिथूनच चालवते. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आल्यास सिक्युअर लेव्हल (फाइली बदलू न देणारी कर्नेलची सुरक्षा-पातळी) तपासावी. आणि याच टप्प्यावर लाईट गेली, तर यंत्र सिंगल यूजर मोडमध्ये सुरू करून ‘एफएससीके’ (फाइलसिस्टमची तपासणी) पूर्ण होऊ द्यावे आणि इन्स्टॉलवर्ल्ड पुन्हा चालवावे. नेहमीचे प्रोग्रामच चालत नसतील तर ‘रेस्क्यू’ डिरेक्टरीतील स्टॅटिक प्रोग्राम अशाच प्रसंगासाठी असतात.

‘एट्सीअपडेट’ (सेटिंगच्या फाइली नव्या आवृत्तीशी जुळवणारी कमांड) ने दाखवलेले कॉन्फ्लिक्ट डोळे मिटून नव्या आवृत्तीच्या बाजूने सोडवू नयेत. ‘मास्टर डॉट पासवर्ड’ मधील आपले यूजर असेच पुसले जातात. ‘लॉगिन डॉट कॉन्फ’ मधील यूटीएफ-8 ची सेटिंग गेली तर टर्मिनलवर मराठी आणि कन्नड फाइलनावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. ती पूर्ववत करून ‘कॅप-एमकेडीबी’ चालवल्यावर आणि पुन्हा लॉगिन केल्यावर नावे परत दिसतात.

शेवटची घाई

यंत्र नव्या आवृत्तीत सुरू झाले की लगेच साफसफाई करण्याचा मोह होतो. ‘डिलीट-ओल्ड’ (जुन्या फाइली पुसणे) बहुधा निर्धोक असते, पण ‘डिलीट-ओल्ड-लिब्स’ (जुन्या लायब्ररी पुसणे) पॅकेजेस नव्याने इन्स्टॉल होण्याआधी चालवल्यास फाइल शेअर करणाऱ्या सांबापासून पॅकेजेस सांभाळणाऱ्या ‘पीकेजी’ पर्यंत कोणताही प्रोग्राम ‘शेअर्ड ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ म्हणून बंद पडू शकतो. स्वतः ‘पीकेजी’ चालत नसेल तर ‘पीकेजी-स्टॅटिक’ वापरून सर्व पॅकेजेस सक्तीने अपग्रेड करावीत.

‘झेडपूल अपग्रेड’ (झेडएफएसच्या पूलचे, म्हणजे डिस्कसमूहाचे, अपग्रेड) तर काही आठवडे पुढे ढकलावे. पूलवर नवी वैशिष्ट्ये सुरू झाली की जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटमधील कर्नेलला तो पूल उघडता येईलच असे नाही. शिवाय इन्स्टॉलवर्ल्ड बूट डिरेक्टरीतील लोडर बदलते, परंतु ईएफआय विभाजनावरील (बूटसाठी राखलेल्या डिस्कच्या भागावरील) लोडरची प्रत आपोआप बदलत नाही. ती हाताने कॉपी करण्याआधी पूल अपग्रेड केला, तर पुढच्या रीबूटला जुन्या लोडरला पूल वाचता येत नाही, आणि यंत्र सुरू करण्यासाठी इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह शोधावा लागतो.